काकूंना कोण सांगणार

आम्हाला इथे नातेवाईक नाहीत, म्हणून आम्ही ते तयार केले. ऑकलंडच्या पश्चिमेला, हेन्डरसनच्या आसपास आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं राहतो. एकमेकांच्या घरांच्या किल्ल्या आमच्याकडे असतात. कोणाची डिलिव्हरी झाली की ती हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत डबे कोण देणार ते ठरलेलं असतं. घर बदलायचं झालं तर ट्रेलर एकाचा, दोऱ्या दुसऱ्याच्या आणि मुलं तिसऱ्याकडे. मुलं सगळ्यांना काका, मावशी, आत्या म्हणून हाक मारतात आणि पुढचं इंग्रजीत बोलतात. याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी याच माणसांनी माझं घर चालवलं. फक्त, नातेवाईक तयार केले की नातेवाईकांचे सगळे गुण त्यांच्यात आपोआप येतात. तेही तुमच्या वतीने निर्णय घेऊन टाकतात.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. पावसाचं पाणी कुठून कुठे न्यायचं, त्याचे पाइप केवढे घ्यायचे, हे माझं काम. पन्नाशी जवळ आली आहे. आमच्यातल्या तरुण मंडळींची मी ताई. माझ्याही वर अण्णा. अण्णा साठीचे, सगळ्यांच्या आधी इथे आलेले. व्हिसापासून हीट पंपापर्यंत कशातही शेवटचा शब्द त्यांचा.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्यातल्या एकाची आई पुण्याहून आली. तिकडचा उन्हाळा टाळायला म्हणून आल्या आणि इकडच्या थंडीत सापडल्या. त्यांना सगळेच काकू म्हणू लागले. काकूंना दोन मुलगे आणि ठाण्याला दिलेली एक मुलगी. पुण्यात मोठ्याकडे त्या कायमच्या राहत. इथला तो धाकटा. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली होती, पण तोंडावर तिचा परिणाम झालेला नव्हता. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा भिंतीवरचा नकाशा बघून म्हणाल्या, "आमच्याकडे दक्षिणेला पाय करून झोपतसुद्धा नाहीत. तुम्ही तर बिऱ्हाडच थाटलंत."

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी काकू माझ्याकडे थालीपिठाची भाजणी करायला आल्या होत्या. धाकटा त्यांना सोडून गेला होता. धान्य सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून आणलेलं होतं. काकू स्टुलावर बसून डाळ भाजत होत्या आणि मी टॉवेल घेऊन स्मोक अलार्मखाली वारा घालत होते.

"तुमच्याकडे डाळ भाजली तरी बंब येतो का गं?"

"अजून आलेला नाही. धण्यांच्या वेळी येईल."

तेवढ्यात माझा फोन वाजला. धाकटा होता. मी मागच्या डेकवर गेले.

"ताई, आई तुझ्याकडेच आहे ना? तिला तिथेच ठेव. आणि तिला कोणाचा फोन घेऊ देऊ नकोस."

"काय झालं?"

"माझा दादा गेला."

ऑफिसमधून घरी आला, गाडी लावली आणि गाडीतून उतरलाच नाही. वॉचमनने पाहिलं. एवढं सांगून धाकट्याने फोन ठेवला. डेकवर पाऊस तिरका येत होता. मी आत गेले, गॅस बारीक केला.

"कोणाचा फोन?"

"ऑफिसचा. एका ठिकाणी पाइप तुंबलाय."

"शनिवारी?"

"पाणी शनिवार बघत नाही, काकू."

त्यांनी मला धणे हातावर घेऊन वास घ्यायला लावला. अजून कच्चे आहेत म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांचा मोठा मुलगा गेलेला होता आणि आम्ही दोघी धणे भाजत होतो. मी त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

संध्याकाळी अण्णांच्या गॅरेजमध्ये सगळे जमलो. आमच्या बैठका तिथेच होतात, बूट काढावे लागत नाहीत म्हणून. काकू माझ्या घरी, माझ्या नवऱ्यासमोर टीव्ही बघत बसल्या होत्या. धाकटा घडीच्या खुर्चीत पासपोर्ट हातात घेऊन बसला होता. त्या रात्रीचं विमान मिळालं होतं. मोठ्याचा मुलगा लहान, त्यामुळे अग्नी द्यायला यालाच जायचं होतं. काकूंना सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

"प्रश्न सोपा आहे," अण्णा म्हणाले. "आत्ता सांगितलं तर त्या मी येते म्हणणार. बायपास झालेलं हृदय, एवढा लांबचा प्रवास. विमानात काही झालं तर कोण बघणार?"

"सांगूया," मी म्हटलं. "मुलगा त्यांचा आहे."

"काही झालं तर जबाबदारी तू घेतेस?"

आमच्यात या वाक्यानंतर चर्चा संपते. तरी आमची नागपूरची मैत्रीण म्हणाली, "माणूस मेल्याचं लपतं का कधी?"

"कायमचं कोण लपवतंय?" अण्णांची बायको म्हणाली. "परत गेल्या की तिकडे हळूहळू सांगतील. आणि कानावर आलं नाही तोवर सूतकही लागत नाही. त्यांची पूजा चालू राहू दे."

"मेल्याचं हळूहळू कसं सांगतात?" नागपूरवालीने विचारलं. 

मग तपशील ठरले. धाकट्याला ऑफिसने तातडीने सिडनीला पाठवलं. मोठ्याला कंपनीने जर्मनीला धाडलं, तिथून वेळ जुळत नाही. काकूंचा मोबाइल बिघडला आणि धाकटा तो सिडनीत दुरुस्त करून आणणार. कोणीतरी मागून विचारलं, "आणि टक्कल? परत येताना टक्कल कसं समजवायचं?" एकदोघांना हसू फुटलं. धाकटाही हसला, आणि हसता हसता त्याने पासपोर्ट तोंडावर धरला.  शेवटी तो म्हणाला, "केस नाही काढणार. आणि मी आईशी फोनवर बोलणार नाही. तिचा आवाज ऐकला की मला लपवता येणार नाही. तुम्ही सांभाळून घ्या."

तो आईशी फोनवरही बोलणार नाही, याकडे आमच्यापैकी कोणी नीट लक्ष दिलं नाही.

ठरलं ते ठरलं. पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते मला चांगलं जमतं. धाकट्याची बायको कामावर जाणं भाग होतं, घरी राहिली असती तर काकूंना शंका आली असती. दिवसा काकूंजवळ कोणीतरी बसायचं, संध्याकाळी कोणीतरी जेवण घेऊन जायचं. आमची माणसं अशा वेळी कमी पडत नाहीत. नाइटशिफ्ट करून आलेला माणूस झोप सोडून काकूंना मंदिरात नेऊन आणत होता. तासाभरावरच्या पुकेकोहेला एका बाईकडे ताजी मेथी मिळते म्हणून कोणी तिकडे धावलं. सगळे मनापासून करत होते. माझा आजही त्याबद्दल आक्षेप नाही.

पहिल्याच आठवड्यात धाकट्याच्या ऑफिसने लिलीच्या पांढऱ्या फुलांचा भला मोठा गुच्छ पाठवला, सोबत शोकाचं कार्ड. दार काकूंनीच उघडलं. नागपूरवालीची पाळी होती. तिने कुरिअरवाल्याच्या हातातून गुच्छ घेतला, "चुकीच्या पत्त्यावर आलाय, मी देऊन येते" म्हणाली आणि गाडीच्या डिकीत टाकला. काकू म्हणाल्या, "फुलं छान आहेत, पण रंग एकही नाही." नात शाळेतून येऊन विचारत होती, "आजी, व्हाय इज एव्हरीवन कमिंग टू अवर हाउस?" काकू तिला म्हणाल्या, "मलाही तेच विचारायचंय, पण मला कोण सांगतंय?" हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

ठाण्याच्या मुलीचा एकदा सुनेच्या फोनवर फोन आला. तिला सगळं पढवलेलं होतं. आवाज बसला होता तर सर्दी झालीय म्हणाली. काकूंनी तिला आल्याचा काढा घ्यायला सांगितलं. तो फोन झाल्यावर काकू कमी बोलू लागल्या. आम्हाला वाटलं, थंडी बाधली.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी माझी पाळी होती. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काम करत बसले होते. काकू जाकीट घालून, मोज्यांवर जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवून समोर बसल्या होत्या. त्यांच्याकडे देव गरम पाण्याच्या सिलिंडरच्या कपाटात, वरच्या फळीवर आहेत. ती जागा घरात सगळ्यात उबदार, आणि दार लावलं की स्मोक अलार्मला उदबत्ती कळत नाही. खालच्या फळीवरचा नॅपकिन काढायला मी कपाट उघडलं. देवांवर वाळलेलं फूल होतं. निरांजन कोरडं होतं.

"पूजा नाही झाली, काकू?"

"नाही."

"बरं नाही का?"

"ते मिट," लॅपटॉपकडे बोट करून त्या म्हणाल्या. "इथे बस."

मी बसले.

"कोण गेलंय?"

 काय बोलायचं ते गॅरेजमध्ये ठरलेलं नव्हतं. त्यांनी संशय घेतला तर काय सांगायचं ते ठरलं होतं. त्यांना कळलं तर काय, हे नव्हतं.

"गप्प राहू नकोस. कोणीतरी गेलंय एवढं मला पहिल्या तीन दिवसांत कळलं. तुम्ही जेवण आणता त्याला फोडणी नसते. एकीने आणलं असतं तर विसरली म्हटलं असतं, सगळ्याजणी कशा विसराल? गोडाचं कोणी काही आणत नाही. मी चहा टाकते म्हटलं की सगळ्यांची पोटं भरलेली. या घरात इतकी माणसं येऊन गेली, कोणी घोटभर पाणी प्यायलं नाही. आणि जाताना कोणी येते म्हणत नाही. उठता आणि चालू लागता. तुझी ती अण्णांची बायको, परवा येते म्हणायला गेली, नुसतं ये म्हणाली आणि ओठ मिटून घेतले. सुतकाच्या घरातून माणसं कशी उठतात ते मला शिकवायला हवंय का?"

मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे मीही तेच करत होते, हे मला माहीत नव्हतं. आमच्यातले निम्मे लोक देवाला हात जोडत नाहीत. एकाने लग्नात होमसुद्धा केला नव्हता. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं की फोडणी देऊ नका, चहा घेऊ नका. डोक्याने आम्ही काकूंना फसवत होतो आणि हाताने सगळं पाळत होतो.

"ती नागपूरची तेवढी चहा प्यायली," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी मला जरा हायसं वाटलं. मग आठवलं, तिच्यात हे पाळत नाहीत."

"काकू..."

"मला माझं बोलू दे. ठाण्याची माझ्याशी बोलली, म्हणजे ती आहे. रडत होती, पण आहे. राहिले दोन. मोठा जर्मनीला गेला म्हणता. तो मला न सांगता लोणावळ्यालासुद्धा जात नाही. पण धाकटाही गेलाय. सिडनी काय, इथून तीन तासांवर. फोन नाही, काही नाही. व्हिडिओ लाव म्हटलं तर ही सूनबाई म्हणते मीटिंग चालू आहे. रोज कसली मीटिंग? हिचे डोळे सुजलेले असतात. मला सांग, नवरा गेल्यावर सुजतात तसे, की दीर गेल्यावर सुजतात तसे? मी रोज बघते हिच्याकडे. कपाळ हिचं एरवीही मोकळंच. गळ्यात काही घालत नाही, ऑफिसला चालत नाही म्हणते. मला कळायचं कशावरून?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. हात टेबलावर पालथे ठेवलेले होते.

"रात्री मी एकाला मेलेला धरते आणि दुसऱ्याला जिवंत. सकाळी उलटं. आठवडाभर हेच चाललंय. मला आता ते सोसत नाही. तू फार गोड बोलत नाहीस, म्हणून तुला विचारते. दोघांतला कोण?"

मी अण्णांना फोन करू शकले असते. धाकट्याच्या बायकोला ऑफिसमधून बोलावू शकले असते. तोपर्यंत ही बाई अशीच बसून राहिली असती, एकदा एकाला मारत, एकदा दुसऱ्याला. मी विचार केला तो एवढाच.

"मोठा," मी म्हटलं.

"धाकटा?"

"आहे. पुण्यात आहे. अग्नी द्यायला गेलाय."

काकूंनी श्वास सोडला. तो सुटकेचा श्वास होता. तो सुटकेचा आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि मी समोर बसून तो पाहिला हेही. त्यांनी जाकिटाची बाही तोंडात कोंबली. आवाज आला नाही. खांदे तेवढे हलत राहिले. मी उठून पाणी आणलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. त्यांना ते चाललं नसतं असं मला वाटलं.

काही वेळाने त्यांनी बाही सोडली.

"कशाने?"

मी गाडीचं सांगितलं.

"एकटाच होता?"

"हो."

"दहावा?"

"झाला."

"कावळा शिवला?"

"माहीत नाही, काकू."

"विचारून घे."

मग त्या उठून आंघोळीला गेल्या. नळ थंडावर कर म्हणाल्या. मी म्हटलं, जुलै आहे, तुमचं हृदय. त्या म्हणाल्या, "एवढं ऐकून बंद पडलं नाही, पाण्याने काय पडतंय?" मी बाथरूमबाहेर उभी राहिले. आतून पाण्याचा आवाज येत होता, दुसरा कसला नाही. माझ्या हातात फोन होता आणि त्यावर अँब्युलन्सचा नंबर लावून ठेवलेला होता. तो दाबावा लागला नाही.

धाकट्याची बायको संध्याकाळी आली. सासूचे ओले केस, न लावलेला गॅस आणि माझं तोंड बघून तिला कळलं. तिने बॅग खाली टाकली.

"ताई, तुला कोणी अधिकार दिला?"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं म्हणून सांगायचं? आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं ना? मी रोज या घरात तोंड दाबून जगतेय, ते कशासाठी?"

"तुला त्या विधवा धरून चालल्या होत्या," मी म्हटलं. हे मी जरा मऊ शब्दांत सांगायला हवं होतं, पण मऊ शब्द मला सुचत नाहीत. ती भिंतीला टेकली. काकू आतल्या खोलीतून म्हणाल्या, "तिला बोलू नका. मला माझ्या मुलाचा आवाज ऐकवा."

फोन लागला. पुण्यात दुपार होती. धाकट्याने हॅलो म्हटलं आणि पलीकडे आई आहे हे कळल्यावर तो मोठ्याने रडू लागला. फोन स्पीकरवर होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. काकूंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तू जिवंत आहेस, हे मला परक्या बाईकडून कळलं."

परकी बाई मी. दारात उभी होते. मला ते लागलं का? थोडं लागलं. पण खोटं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सगळी कुटुंबं आली. कोणी बोलावलं नव्हतं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना रीतसर भेटायला यायचं होतं. पोर्चमध्ये बुटांचा ढीग झाला, ओल्या छत्र्या भिंतीला लागल्या. हॉलमध्ये बायका रडत होत्या, इतके दिवस आवरून धरलेलं ते खरं रडणं होतं. काकू आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. अण्णांनी दारावर हलकी टकटक केली.

"काकू, आम्ही सगळे आलोय."

"इतके दिवस येतच होतात की," आतून काकू म्हणाल्या. "आता जा."

"आम्ही तुमच्या काळजीपोटीच..."

"माहीत आहे. काळजीपोटी माझा मुलगा गेल्याचं मी दहावा झाल्यावर ऐकलं. आता तीन दिवस मला माझं सूतक धरू द्या. उद्यापासून कोणी येऊ नका. डबेही नकोत."

माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि मग आपापले बूट शोधू लागली. पोर्चमध्ये अण्णांच्या बायकोने डोळे पुसत म्हटलं, "एवढं करून ही फळं." अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"निर्णय सगळ्यांचा होता. तू एकटीने मोडलास. काही झालं असतं तर?"

"झालं नाही."

"तो मुद्दाच नाही."

"मग मुद्दा काय आहे, अण्णा?"

अण्णा गाडीत जाऊन बसले. त्यांचा मुद्दा मला समजत होता. आम्ही इथे एकमेकांच्या भरवशावर राहतो. पाच जणांनी एक ठरवलं आणि सहाव्याने दुसरं केलं तर या भरवशाला अर्थ राहत नाही. अण्णा चूक नव्हते. पण ज्या बाईबद्दल ठरवलं, तिला आम्ही या भरवशात धरलंच नव्हतं. तिला आम्ही काचेचं भांडं धरलं होतं.

तीन दिवस झाल्यावर काकूंनी देव धुतले. तेरावा आटोपून धाकटा त्यांना न्यायला आला आणि त्या त्याच्याबरोबर परत गेल्या. एवढी ज्याची भीती होती त्या विमानात त्यांना काही झालं नाही. जेवल्या, झोपल्या, उतरल्या. पुण्यात आता सून, नातू आणि त्या, अशी तिघं राहतात.

जाण्याआधी त्या मला भेटल्या नाहीत. निरोपही नव्हता. भाजणीचा डबा माझ्याकडेच राहिला होता, तो मी धाकट्याच्या बायकोकडे पोचवला. तिने तो दारातच घेतला. काही आठवड्यांनी तिने घराची जादा किल्ली माझ्याकडून मागून घेतली, पाहुणे येणार आहेत म्हणून. पाहुणे येऊन गेले असतील, किल्ली परत आली नाही. बाकी सगळं चालू आहे. गणपतीला मला मोदकांची पाळी मिळते. कोणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं की पहिला फोन मला येतो. फक्त कोणाकडे काही लपवायचं असलं की मला बोलावत नाहीत. अण्णांचे सासरे मुंबईत वारले ते मला नागपूरवालीकडून कळलं.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी हेन्डरसनच्या स्विमिंग पूलबाहेर धाकटा भेटला. त्याची मुलगी आत पोहत होती, माझा मुलगा तिथे लाइफगार्डची नोकरी करतो. पाऊस भुरभुरत होता. आम्ही दोघं छपराखाली उभे होतो. तो माझ्याशी बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

"आई रोज फोन करते," तो म्हणाला. "व्हिडिओ. तिकडे सकाळ असते."

"कशी आहेत?"

"माहीत नाही. बोलत नाही. दिसलो की म्हणते, जरा उजेडात ये. मग थोडा वेळ बघते आणि ठेवून देते. वर्ष होत आलं. गाडी चालवत असलो तर गाडी बाजूला घ्यायला लावते. एकदा मीटिंग होती म्हणून उचलला नाही, तर तिने ठाण्याला फोन केला, वहिनीला उठवलं, माझ्या बॉसचा नंबर शोधायला लावला." तो थांबला. "मी तिला सांगितलं, आई, मेसेज टाकतो ना रोज. म्हणाली, मेसेज कोणीही टाकेल."

 बरोबरच होतं ते.

"तेव्हा तू सांगितलं नसतंस तर..." तो म्हणाला.

"तर काय?"

"काही नाही."

त्याचा फोन वाजला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. छपराखाली अंधारलं होतं. तो पार्किंगमधल्या दिव्याखाली जाऊन उभा राहिला, पावसात, आणि फोन तोंडासमोर धरला. त्याच्यामागे मीच दिसत असणार. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी खांबाच्या आड सरकले.